सातांतला आपला कोणता
थोरल्या भावाला प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस घरात एकच उरलं होतं, ते म्हणजे त्याची धाकटी बहीण, सगळ्यांची आत्या. बाकीचे सगळे तो गेल्यावर जन्मलेले. एवढ्या भांडवलावर आत्यानं साठ वर्षं घरात मान मिळवला. भाऊ लढाईत बॉम्बफेकी विमानावर होता. एका गुप्त कामगिरीवर गेला तो गेलाच. ना विमान परतलं, ना आतले सात जण. कामगिरीच गुप्त, त्यामुळे आत्याला खोटं पाडायला कुणी नव्हतं. तिच्या सांगण्यात विमान दरवर्षी थोडं आणखी वरून उडे आणि भाऊही थोडा वाढे. शेवटच्या मोजणीला तो सव्वासहा फुटांवर पोचला होता.

आणि आता सरकारनं जुनी कागदपत्रं खुली केली. त्यांतून सात नावांची यादी आणि एक फोटो घरी आला. वाचनालयाला भिंतीवर फोटो हवा होता, पण एकट्या भावाचा. म्हणून आत्या, तिचा भाचा आणि भाचेसून फ्रेमवाल्याच्या दुकानात, उभ्या काचांमध्ये अंग चोरून उभे होते.

फोटोत विमानाच्या पंखाखाली सात जण. कातडी टोप्या कानांवर, कॉलरी हनुवटीपर्यंत. सगळे एका माळेचे मणी.

"आजी, यातला कोणता कापून काढू?" फ्रेमवाल्यानं पोलादी पट्टी पुसत विचारलं.

आत्या फोटोवर वाकली. भाऊ गेला तेव्हा ती सहा वर्षांची. त्याचे बूट तिला पाठ होते, कोटाचं तिसरं बटणही. त्याच्या वर सगळं धुकं. घरातला त्याचा एकुलता एक फोटो आईनं इतका जपून ठेवला होता, की तो अजून कुणाला सापडला नव्हता.

"हा बघ," भाचा म्हणाला. तो निवृत्त हेडमास्तर. उत्तर येवो न येवो, बोलायचं आधी. "सगळ्यांत उंच. शिवाय नाक माझंच."

"तुमचं नाक सातांतल्या चौघांना आहे," भाचेसून म्हणाली. "आत्याबाईंना बोलू द्या."

आत्यानं भिंग मागितलं. भिंग पुसलं, चष्मा पुसला, पुन्हा भिंग पुसलं. पुसण्याजोगं काही उरलं नाही, तेव्हा त्या उंच माणसावर बोट ठेवलं. "हाच."

फ्रेमवाल्यानं पट्टी लावली, सुरी उचलली आणि थांबला. "यानं शेजारच्या बुटक्याच्या खांद्यावर हात टाकलाय. कोपरापासून कापावा लागेल. चालेल?"

"चालेल," भाचा म्हणाला.

आत्या बुटक्याकडे बघत राहिली. हाच आपला असला तर? मग भिंतीवर दुसऱ्याच कुणाचा भाऊ, आणि आपला केराच्या टोपलीत. टाकणारी कोण, तर सख्खी बहीण.

"थांबा," ती म्हणाली. "मला नाही ओळखता येत."

 वाचनालयातल्या समारंभासाठी भाच्याचं भाषण लिहून तयार होतं आणि त्यातलं निम्मं उंचीवर होतं. "मग ते सव्वासहा फूट?"

"मी सहा वर्षांची होते रे. उंचच होता."

"मग तुला आठवतं तरी काय?"

"पत्त्यांत लबाडी करायचा. मी रडायला लागले की जिंकलेली पानं परत द्यायचा. मग पुन्हा लबाडी."

"हे भाषणात कसं घालू?"

"नको घालूस. ते माझं आहे."

"इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत, आत्याबाई," भाचेसून हळूच म्हणाली.

"कुणी विचारलं? सगळ्यांना विमानच हवं असायचं."

फ्रेमवाल्यानं सुरी खाली ठेवली आणि सबंध फोटोला पट्टी लावली. "म्हणजे सातही ठेवायचे. खाली नावं घालू ना? कुणाखाली कुठलं?"

आत्यानं यादी त्याच्यापुढे सरकवली. "एका ओळीत लिहा सगळी. कोणतं कुणाचं, ते त्यांचं त्यांना ठाऊक आहे."