मोडकं नाक

तिसऱ्यांदा एमिल ड्राबिक गुत्त्याच्या जिन्यावरून गडगडत खाली आला, तेव्हा कुठे दिग्दर्शकाचं समाधान झालं.

"झकास! चला, जेवायची सुट्टी."

एमिलने उठून पँट झटकली. कॅमेऱ्यामागे त्याचा थोरला भाऊ ओटो मांडीवर हात ठेवून, चर्चमध्ये बसावं तसा बसला होता. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाल्यावर, बसने चार दिवस प्रवास करून तो कॅलिफोर्नियाला आला होता. चौतीस वर्षांत दोघं भाऊ पहिल्यांदाच भेटत होते.

"लागत नाही तुला?" ओटोने विचारलं.

"लागतं की. पण नायकाला लागून कसं चालेल?"

शंभराहून अधिक सिनेमांत एमिलने गुंड होऊन नायकाचा असा मार खाल्ला होता. नाव कुणाला ठाऊक नसे, पण किराणा दुकानात बायका थबकायच्या, "अगं, तोच तो!" म्हणायच्या आणि पर्स जरा घट्ट धरायच्या. सगळी करामत त्या चेपून डावीकडे वळलेल्या नाकाची. पहिलं काम मिळालं तेही नाक पाहूनच.

जेवताना कपडेपटातल्या नव्या मुलीने, बेरिलने, विचारलंच.

"मिस्टर ड्राबिक, राग नका मानू, पण नाक कशानं मोडलं?"

टेबलावरची जुनी मंडळी आधीच हसू लागली. किस्सा त्यांना पाठ होता.

"फौजेत होतो, मनिलाला. बॉक्सिंगचा सामना. समोर सार्जंट, नुसता बैल. मी म्हटलं, साहेब, आधी दाढी करून या, टोचते. पुढचं काही आठवत नाही बघ."

हशा पिकला. ओटो सँडविचच्या कागदाची घडी घालत राहिला.

संध्याकाळी गाडीत तो म्हणाला, "तू फौजेत कधी होतास?"

"नव्हतो. लोकांना किस्सा लागतो, ओटो."

"फावड्याचा दांडा होता. माझ्या हातात."

"माहीत आहे. मीही होतो ना तिथं!"

ओटो हसला नाही. रस्त्याकडेला संत्र्यांच्या बागा तोडून नवी घरं उठत होती. तो तिकडेच बघत राहिला.

घरी एमिलच्या बायकोने, लोरेनने, रश्शाचं भांडं टेबलावर आणलं. एमिल अजून बसलाही नव्हता.

"लोरेन, माझं नाक ओटोने मोडलं."

मनिलाच्या गोष्टीवर लोरेन सव्वीस वर्षं पाहुण्यांबरोबर हसत आली होती. भांडं हातात तसंच धरून ती ओटोकडे वळली.

"कशावरून हो, ओटो?"

"खाण कोसळून बाप गेला त्याच वर्षी," ओटो म्हणाला. "घरात आई, तीन बहिणी. आणि हा पठ्ठ्या म्हणतो, मी चाललो नाटकवाल्यांबरोबर. म्हटलं, जातोस कसा तेच बघतो. आणि हाणला."

त्याला खोकला आला. खाणीतून सोबत आणलेला खोकला. थांबायला वेळ लागला. एमिलने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"तसाच रक्तबंबाळ निघून गेला. मग माझं मलाच कसंतरी झालं. ओलं फडकं घेऊन स्टेशनवर पळालो. गाडी उभी होती. एकेक खिडकी पाहिली. हा दिसला नाही." त्याने समोरच्या पेल्याकडे बघत पुढचं सांगितलं. "एवढंच सांगायला आलो मी. तुला वाटत असेल, मारलं आणि घरी बसून राहिला. तसं नाही. आलो होतो मी."

एमिल खुर्चीची पाठ धरून उभा होता. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं त्याने एका दमात म्हटली होती.

"मी पाहिलं होतं तुला," तो म्हणाला. "फडकंही पाहिलं. तू खिडकीशी आलास तेव्हा मी... मी बाकाखाली शिरलो. गाडी सुटेपर्यंत वर आलो नाही."

लोरेनने भांडं हळूच खाली ठेवलं.

ओटोने मान वर केली आणि भावाच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"बरं केलंस," तो म्हणाला. "उतरला असतास तर मी तुला जाऊ दिलं नसतं."