सावली नाही, तोंड आहे

ओळखपत्रासाठी पाठवलेला लिओनी ट्रास्कचा फोटो तिसऱ्यांदा परत आला आणि तिचं डोकंच तडकलं. कारण तेच, शब्दही तेच: चेहऱ्यावर सावली आहे, टोपी काढून नवा फोटो पाठवावा.

टोपी तर तिन्ही वेळा काढली होती. पण वयाच्या पाचव्या वर्षापासून गुरांमागे उन्हात हिंडलेली पोर ती. टोपीखालचं कपाळ दुधासारखं आणि भुवयांच्या खाली सगळा कडक चहा. कुरावा गावात ज्याला त्याला हेच तोंड, त्यामुळे त्यात काही विचित्र आहे हे तिला एकोणीस वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायला दोन हजार किलोमीटरवरची एक कचेरी लागली.

आणि वेळ तरी कसली साधली होती. मंगळवारी सकाळी टपालाचं विमान निघायचं होतं, आणि ते उडवणार होती लिओनी. एकतीस वर्षं ते उडवणारा मर्व्ह रविवारी निवृत्त होत होता, आणि विमानाचा मालक गॅव्हिन याने अर्ज केलेल्या वीसजणांतून हिला निवडलं होतं. दूरदूरच्या अकरा गुरांच्या वस्त्यांची पत्रं, औषधं, पंपाचे सुटे भाग, सगळं तिच्या हातात. वैमानिकाचा परवाना खिशात होता. पण कुरावाच्या धावपट्टीवर आठवड्यातून दोनदा प्रवासी विमान उतरतं, म्हणून सुरक्षा ओळखपत्राशिवाय फाटकाच्या आत पाऊल टाकायला बंदी.

तिने कचेरीला फोन लावला. अठ्ठावीस मिनिटं ताटकळत फोनवरची बासरी ऐकल्यावर एक गोड आवाजाची बाई आली. लिओनीने सगळं समजावलं. बाईंनी ते फार शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, दिव्यासमोर उभं राहिलं की सावली जाते.

“अहो, ती सावली नाहीये,” लिओनी म्हणाली. “तोंड आहे माझं.”

“हो, पण मॅडम, तोंडावर सावली चालत नाही.”

मग तिने हट्टाला पेटून शनिवार अख्खा टोपीशिवाय काढला. कपाळ टोमॅटोसारखं झालं, रात्रभर झोंबलं. रविवारी काढलेल्या फोटोत तिला तीन रंग दिसले. तो फोटो तिने पाठवलाच नाही.

शेवटी सोमवारी सकाळी पोस्टातल्या नोलाबाईंनी डोकं चालवलं. काउंटरवर जो जो आला त्याला टोपी काढायला लावून त्यांनी फोटो काढला: तेरा माणसं, तेरा दुरंगी तोंडं. ते सगळे फोटो लिओनीच्या फोटोसोबत पाठवले आणि खाली लिहिलं, आमच्याकडे सगळ्यांवर एकच ढग आलाय, बघा.

दुपारीच उत्तर आलं. फोटो मान्य. लिओनी नाचायच्या बेतात होती, इतक्यात पुढची ओळ दिसली: पार्श्वभूमीची तपासणी आता सुरू होईल, सहा आठवडे लागू शकतात.

गॅव्हिनचा फोन लगेच आला. पाहुण्यांसाठी लाल चिठ्ठी मिळते, पण फाटकापासून विमानापर्यंत कार्डवाला माणूस सतत बाजूला हवा. मंगळवारी गावात असा माणूस एकच, मर्व्ह, आणि त्याचा कॅरव्हॅन उद्या समुद्राकडे निघतोय. तो थांबला नाही, तर नाइलाज आहे, तूवूम्बा शहरातला कार्डवाला वैमानिक मुलगा तुझ्या जागी बोलवावा लागेल.

म्हणजे आकाशात हजार किलोमीटर ती एकटी जाऊ शकते, पण जमिनीवर चाळीस पावलं नाही. असल्या हिशेबाला काय म्हणायचं?

ती मर्व्हच्या दारात गेली तेव्हा जीपला कॅरव्हॅन जोडलेला होता आणि त्याची बायको जॉयस मासेमारीच्या काठ्या बांधत होती. लिओनीने एका दमात सगळं सांगितलं. मर्व्हने जॉयसकडे पाहिलं. जॉयस काठ्या सोडायला लागली.

“सहा आठवडे,” ती नवऱ्याला म्हणाली. “एक दिवस जास्त नाही हं. एकतीस वर्षं मंगळवारी तुझं तोंड दिसलं नाही मला, आता सहा मंगळवार अजून.”

“मासे काय पळून जातायत का?” मर्व्ह म्हणाला.

मंगळवारी सकाळी फाटकावर लिओनीच्या गळ्यात लाल चिठ्ठी होती आणि मर्व्हच्या छातीवर झिजलेलं कार्ड. टपालाच्या पिशव्या गाडीवर आधीच चढल्या होत्या. तो तिच्या अगदी खांद्याला लागून चालत होता, नियमात लिहिलंय तसं.

“हात धरू का, पोरी?” त्याने विचारलं. “रस्ता ओलांडायचाय.”

“धरा,” ती दात खाऊन म्हणाली. “म्हणजे तुम्ही पडणार नाही.”

विमानाजवळ पोहोचल्यावर तो थांबला. पंखावर एकदा हात फिरवला, वैमानिकाच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि बाजूला झाला. लिओनी चढली, पट्टा बांधला, दार ओढून घेतलं. आता बाजूला कुणी लागत नव्हतं.