रंग धरणारी भुकटी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक ओढा समोर आणा. पाणी घोट्याएवढंच, पण बिटाच्या रसासारखं लाल. पाय घालावा, तर लाल मोजा घातल्यासारखा बाहेर येतो.

त्या ओढ्याकाठी कापड रंगवणाऱ्या एका माणसाचं घर होतं, आणि त्याच्या हौदातलं रंगीत सांडपाणी ओढ्यात जायचं. त्याच्या लेकीला सगळे खार म्हणत, कारण ती एका जागी टिकेल तर शपथ. ओढ्यात उतरायला तिला बंदी होती, आणि तिला नेमकं तेच हवं होतं.

एकदा तिची मावशी प्रयोगशाळेतून डबीभर काळी भुकटी घेऊन आली.

"लाल पाण्यात काळं घालायचं?" बाबा म्हणाले. "म्हणजे आगीतून फुफाट्यात."

"भाऊजी, कोळसा आहे हा. रंगाला धरून ठेवतो. आणि याच्या कणाकणाला लोखंड चिकटवलंय, म्हणून लोहचुंबकानं परत ओढून घेता येतो."

बाबांनी पांढऱ्या कापडाची चिंधी फाडली. "ही बुडवायची. पांढरीच निघाली, तर उद्यापासून सांडपाण्याच्या हौदात तुझी भुकटी. नाहीतर डबी घेऊन घरी जा. जेवून मात्र जा."

मावशीने काचेच्या बरणीत हौदातलं लाल पाणी घेतलं आणि चमचाभर भुकटी टाकली. खारीला धीर कुठला? तिने लगेच बरणीला बाहेरून लोहचुंबक लावला. भुकटी झपकन काचेकडे धावली. चिंधी मात्र गुलाबी निघाली.

"झालं," बाबा म्हणाले. खारीचं तोंड एवढंसं झालं.

"कसलं झालं?" मावशी हसली. "पकडापकडी सुरू व्हायच्या आधीच घरी बोलावलं, तर कोण कोणाला पकडणार? भुकटीला पाण्यात हिंडू दे, रंग धरू दे. मग बोलव."

मावशी ढवळत राहिली. खार दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. नाक खाजलं, तरी हात निघाला नाही. बाबांनी मुद्दाम लोहचुंबक तिच्यापुढे सरकवला.

"नको. अजून खेळ चाललाय," ती म्हणाली.

शेवटी मावशीने मान हलवली. खारीने लोहचुंबक लावला. भुकटी काचेला जाऊन बिलगली आणि मागे नुसतं पाणी उरलं. बाबांनी नवी चिंधी बुडवली, पिळली, खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिली.

"उद्या हौदात," ते म्हणाले.

"आणि ओढा?"

"वरून नवं पाणी येत राहील तसा निवळेल. पण वेळ लागेल हं."

खार धावत काठावर गेली. पाणी अजून लालच होतं. तिने चपला काढून शेजारी नीट ठेवल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसली.