सुताराचं शेवटचं वाक्य

“ताई, गुरुजी गोष्टीत अडकले की लगेच वाजवा. क्षणभरही थांबू नका,” चोकिचीनं हात जोडले. चोबेईगुरुजींचा हा थोरला शिष्य आता स्वतःच पन्नाशी उलटलेला होता.

मित्सुएनं तीन तारांच्या शामिसेनची खुंटी पिळली. “आणि त्यांना कळलं तर?”

“मला शिव्या घालतील. घालू देत. पण लोकांसमोर शोभा नको.”

ओसाकाच्या त्या लहानशा नाट्यगृहात, मंचाच्या कडेला, चिकाच्या पडद्याआड बसून मित्सुए एकेचाळीस वर्षं वाजवत आली होती. गुरुजी मंचावर येताना त्यांची धून. गोष्टीचं शेवटचं वाक्य टाकून त्यांनी माथा टेकवला की निरोपाचे सूर. ते वाजले की गोष्ट संपली. मग कथाकारानंही तोंड उघडायचं नाही, असा तिथला रिवाज.

गुरुजी किमोनो सावरत आले. वय अठ्ठ्याहत्तर. बसल्या जागी, एकट्यानं सगळ्या पात्रांचे आवाज काढत ते विनोदी गोष्टी सांगत. मासळीबाजारातल्या बायका भांडतानासुद्धा त्यांची वाक्यं फेकत, इतके ते घराघरांत पोचले होते.

“काय गं मित्सुए, चोकिचीनं कान फुंकले ना?”

“छे हो.”

“तुला खोटं बोलता येत नाही म्हणून पडद्याआड बसवलंय.” ते हसले. मग तिच्या शेजारी उकिडवे बसून हळूच म्हणाले, “मी अडकलो तर थांब हं जरा. सापडतं मला. शोधायला वेळ लागतो, एवढंच.”

त्या दुपारी त्यांनी सुताराची गोष्ट घेतली. सार्वजनिक हमामात आंघोळ करून परतणारा सुतार चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरतो, ताटावर बसतो आणि सुपाला नावं ठेवत राहतो. काय हे मीठ! समुद्र ओतलास की काय? अखेर घरची बाई विचारते, “पण तुम्ही कोण?” त्यावर सुतार म्हणतो, “घर चुकलं वाटतं, बाई. सूप इतकं खारट, मला वाटलं घरीच आलो!”

गुरुजी बाईच्या आवाजात म्हणाले, “पण तुम्ही कोण?”

आणि थांबले.

लोक हसले. गांगरलेला सुतार किती हुबेहूब!

“तुम्ही कोण?” गुरुजींनी पुन्हा विचारलं. आता तो आवाज बाईचा नव्हता. हशा वाढला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. गुरुजी जितके घाबरत होते तितकं सभागृह खदखदत होतं. प्रेक्षकांना त्यांचा चेहरा दिसत होता. समोरच्या बुटक्या फळीमागचे गुडघे फक्त मित्सुएला दिसत होते. हातातला पंखा त्यांवर पुन्हा पुन्हा आपटत होता.

वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. पण पडद्याआडून कधी माणसाचा आवाज आला नव्हता. पहिल्या रांगेला ऐकू गेलं असतं.

थांब हं जरा, ते म्हणाले होते.

“मी... मी कोण?” गुरुजी म्हणाले.

तिनं तारेवर नखी मारली. सूर कानावर पडताच गुरुजींचा माथा सवयीनं जमिनीला टेकला. टाळ्या थांबता थांबेनात.

मंचामागच्या खोलीत चहा तसाच निवत होता. चोकिची बाहेर पाहुण्यांचे नमस्कार घेत होता. गुरुजी भिंतीकडे तोंड करून बसले होते.

“घाई केलीस, मित्सुए. ओठांवर आलं होतं माझ्या.”

“चुकलं माझं, गुरुजी.”

मग म्हणा बघू, असं म्हणायला तिची जीभ उचलली नाही.

“खूप हसले ना पण लोक?”

“खूप.”

“कशाला हसले गं?”

मित्सुए तारा सैल करत राहिली.

त्यानंतर गुरुजी मंचावर बसले नाहीत. फेब्रुवारीत गेले. अंत्यदर्शनाला बाजार लोटला. मासळीवाल्या रबरी बुटांतच आल्या होत्या. रांगेतला प्रत्येक जण शवपेटीत एकेक फूल ठेवून पुढे सरकत होता.

मित्सुएची पाळी आली. एकेचाळीस वर्षं मंचावर तिनं त्यांना बाजूनंच पाहिलं होतं. आज चेहरा समोर होता. ती वाकली.

“पण तुम्ही कोण?” तिनं अगदी हळू विचारलं.

आणि फूल हातात तसंच धरून थांबली. मागे रांग खोळंबली. चोकिचीनं तिच्या कोपराला हात लावला.

“ताई, चला ना.”

“थांब जरा,” ती म्हणाली.