गाडी डावीकडे ओढते

लेकीला मागच्या सीटवर पट्ट्याने बसवून, तिच्या मुठीत बिस्कीट देऊन ती निघाली तेव्हा पावणेनऊ झाले होते. ती परिचारिका. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. दिवसाला सात घरं. पाळणाघर वाटेत. गाडी घेतली ती याचसाठी, आणि चालवायची तीच. नवऱ्याचं ऑफिस घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं.

गेला महिनाभर ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढत होती. हट्टी पोर बोट धरून खेळण्यांच्या दुकानाकडे ओढतं, अगदी तशी. नवऱ्याला रोज सांगायची, तो हसण्यावारी न्यायचा. शेवटी तिने त्यावर तोड काढली होती. ब्रेक लावताना उजव्या हाताची पकड घट्ट, स्टिअरिंग जरासं उजवीकडे. संध्याकाळी खांदा भरून यायचा. बायकांना अंगावर काढायची सवयच असते. दुखणं काय नि गाडी काय.

त्या दिवशी मात्र पहिली दोन घरं उरकून ती सर्व्हिस सेंटरला गेली. महिन्यातली ही दुसरी खेप; पहिल्या वेळी गाडी नुसती धुऊन मिळाली होती. काउंटरवर सल्लागार मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांखाली काळं. ती संगणकावरून नजर न उचलता म्हणाली, "बोला मॅडम, काय त्रास आहे?"

"ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते."

मुलीची बोटं थबकली. "सरांना पण जाणवतंय का तसं?"

"सर चालवत नाहीत. मी चालवते."

"हो, पण नंबर त्यांचा आहे ना. विचारून घेते हं, नाहीतर मला बोलणी बसतात."

गाडी घेताना विक्रेत्याने अर्ज तिच्यासमोरच भरला होता. 'संपर्क क्रमांक' या रकान्याशी आल्यावर त्याने पेन तिच्याकडून नवऱ्याकडे वळवलं होतं आणि नवऱ्याने हसत हसत आपला नंबर सांगितला होता. हप्ते तिच्या पगारातून जात होते. पण कडेवर तेव्हा चार महिन्यांची लेक रडत होती, आणि एवढ्याशा गोष्टीवरून कोण वाद घालणार?

फोन लागला. काउंटरपलीकडूनही त्याचा मोकळा, हसरा आवाज तिला ऐकू आला. "अहो, ती जरा घाबरट आहे चालवायला. काही नसेल. छान धुऊन द्या, म्हणजे झालं."

जॉब कार्डवर उमटलं: 'सर्वसाधारण तपासणी, धुलाई.' दुपारी गाडी लखलखीत होऊन आली, आत लिंबाचा वास. फाटकातून बाहेर पडताना तिने ब्रेक दाबला. गाडी डावीकडे ओढली.

संध्याकाळी जेवताना नवरा खुशीत होता. "तुझ्या सर्व्हिसवाल्यांचा फोन आला होता. दहापैकी किती गुण देता म्हणून विचारत होते. ती काउंटरवरची पोरगी आधीच म्हणाली होती, सर, दहाच द्या हं, नाहीतर माझ्यावर येतं. दिले दहा. आपलं काय जातं?"

"पण गाडी दुरुस्त झालेली नाही."

"अगं, त्यांनी तपासली ना?"

"नाही तपासली. धुतली."

"तू पण ना!" तो हसला. माणूस वाईट नव्हता. परक्या मुलीचं मन मोडवेना म्हणून दहा गुण देणारा माणूस वाईट कसा म्हणायचा? पण त्या मुलीच्या एका शब्दाला दहा गुण मिळाले आणि बायकोच्या महिनाभराच्या सांगण्याला एकही मिळाला नाही, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

सासूबाई नातीला भात भरवत होत्या. तो हात धुवायला उठल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "माझं पोट दुखायचं ना, तेव्हा डॉक्टर ह्यांनाच विचारायचे. हे सांगायचे, विचार फार करते ती. नऊ वर्षांनी खडे निघाले." मग नातीचं तोंड पुसत म्हणाल्या, "मी गप्प बसले. तू बसू नकोस गं."

चौथ्या दिवशी सकाळी, पाळणाघराच्या वाटेवरच्या उतारावर, एक म्हातारा अचानक आडवा आला. तिने सगळा जोर लावून ब्रेक दाबला. म्हातारा वाचला, पण स्टिअरिंग तिच्या हातातून निसटलं, गाडी डावीकडे फुटपाथवर चढली आणि एका बाबागाडीपासून वीतभर अंतरावर थांबली. मागे लेक किंचाळली. समोर त्या बाळाची आई पांढरीफटक.

"येत नसेल तर चालवता कशाला हो?" ती बाई ओरडली. "जीव घ्याल कुणाचा!"

त्या बाईसमोर तिने हात जोडले. तिने लेकीला उराशी धरलं, तिचं धडधडणारं इवलंसं काळीज आपल्या काळजावर ऐकलं. मग सगळ्या घरी उशीर होईल म्हणून कळवलं, आणि पहिल्या गिअरमध्ये, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, ती सर्व्हिस सेंटरला पोचली.

"लिहा," ती काउंटरवर म्हणाली. "मी सांगते ते, माझ्या शब्दांत. आणि मला वाचून दाखवा."

"मॅडम, सरांना एक फोन..."

"नाही. तुम्ही ते लिहून घेईपर्यंत मी सही करणार नाही, गाडी नेणार नाही, आणि इथून उठणारही नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. ती फार दमली होती, आणि दमलेल्या माणसाला घाबरायचंही त्राण उरत नाही. व्यवस्थापक आले, समजुतीने हसले. "मॅडम, पुष्कळदा प्रश्न चालवण्याच्या सवयीचा असतो."

"मी रोज लोकांच्या जखमा बघते, साहेब. बाई दुखतंय म्हणाली तर तिच्या नवऱ्याला फोन लावून विचारत नाही, खरंच दुखतंय का म्हणून. पट्टी सोडते आणि बघते."

खुर्च्यांवर वाट बघत बसलेल्यांत कुणीतरी खुदकन हसलं. व्यवस्थापकांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

"चालवणार मी," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी बसा."

लेकीला सल्लागार मुलीच्या मांडीवर ठेवून ती त्यांना मागच्या मोकळ्या आवारात घेऊन गेली. वेग घेतला, स्टिअरिंग सैल धरलं, ब्रेक दाबला. व्यवस्थापकांचा हात झटकन समोरच्या डॅशबोर्डवर आपटला. परत येताच त्यांनी मेकॅनिकला हाक मारली.

चाकं खोलायला वीस मिनिटं लागली. पुढच्या उजव्या चाकाच्या ब्रेकची पिन गंजून अडकली होती; तो ब्रेक पकडतच नव्हता. सगळा भार डाव्या चाकावर. पिन काढून दाखवताना मेकॅनिक म्हणाला, "ताई, एवढे दिवस चालवलीत कशी?"

सल्लागार मुलीने फोन उचलला. "सरांना कळवते, सापडलं म्हणून."

"मला कळवा. आणि तो नंबर बदला."

"त्यासाठी सरांच्या फोनवर ओटीपी जाईल." मुलगी ओशाळली. "तो आकडा त्यांनी सांगायला हवा."

हसावं की रडावं! तिने स्वतःच नवऱ्याला फोन लावला.

"कसला आकडा? असले आकडे कुणाला द्यायचे नसतात," तो म्हणाला.

"मीच मागतेय." आणि तिने सगळं सांगितलं. उतार, म्हातारा, बाबागाडी, पिन. लेकीचं किंचाळणंही.

पलीकडून त्याचा घोगरा आवाज आला. "अगं, इतकं होतं तर मला सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्हीच त्यांना सांगितलंत, घाबरट आहे म्हणून."

तो एकेक आकडा सावकाश, पाढा चुकलेल्या मुलासारखा, वाचत गेला. ती मोठ्याने तेच आकडे म्हणत होती आणि काउंटरपलीकडची मुलगी, मांडीवरच्या झोपलेल्या लेकीला सांभाळत, एका हाताने लिहून घेत होती.

वाचकहो, त्या पिनेवरचा गंज तेलाने निघाला. महिनाभर एक बाई स्पष्ट, सोप्या शब्दांत सांगत होती आणि ते कुणालाच ऐकू आलं नाही, हा गंज कशाने निघेल? आज घरी कुणी काही सांगत असेल, तर आधी तेवढं ऐकून घ्या. फुटपाथवर दर वेळी वीतभर जागा उरतेच असं नाही.