शिंप्याचे आणि लेखिकेचे टेबल

मी कापड बेतायचे एक जुने टेबल आहे, मित्रांनो. माझ्या एका कडेला कात्रीचे ओरखडे आहेत आणि दुसऱ्या कडेला शाईचे डाग. ओरखडे शिंपीदादांचे, डाग त्यांच्या बायकोचे. त्यांना सगळे बाई म्हणत. मी दारातून आत येईना, म्हणून सुताराने मला या खोलीतच जोडले. तेव्हापासून बाहेरचे जग मला खिडकीतून दिसते तेवढेच.

बाई मुलांसाठी गोष्टी लिहीत. सकाळी दहापर्यंत खिडकीकडची बाजू त्यांची. दहानंतर दादा कापड पसरत. पहिले पुस्तक निघाले आणि पोस्टमन रोज येऊ लागला. प्रकाशकाची पत्रे, शाळांची बोलावणी, करारांचे कागद. एक पत्र हाती घेतले की बाईंची सकाळ गेलीच.

"अस्वल तिकडे गुहेत अडकलंय आणि मी इथे उत्तरं लिहीत बसलेय!" त्या वैतागून म्हणाल्या.

"तू अस्वलाला बघ. कागदांचं मी बघतो," दादा म्हणाले.

तसेच ठरले. आलेली पत्रे दादा बटणांच्या डब्यात ठेवत आणि दुपारी उत्तरे लिहीत. सही हवी तिथे खडूने फुली मारून ठेवत. बाई फुली बघून सही करत, वाचत नसत. खरे सांगायचे तर दादाही वाचत नसत. तीनदा मोजल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारा हा माणूस, पण बारीक छापील अक्षरे दिसली की म्हणायचा, "हे सगळीकडे सारखंच असतं."

अस्वलाचे पुस्तक छापून आले. बाईंनी आधी शेवटचे पान उघडले. त्यांच्या गोष्टीत म्हातारे अस्वल गुहेतच राहते आणि पिल्लू एकटे डोंगर उतरते. पुस्तकात मात्र दोघे नाचत नाचत खाली आले होते. शेवट बदलण्याचा हक्क कराराच्या चौथ्या पानावर देऊन टाकलेला होता. खाली बाईंची सही होती.

बाईंनी पुस्तक माझ्यावर उपडे ठेवले.

"तुम्ही शिवलेल्या कोटाच्या बाह्या कुणी न विचारता कापल्या तर?"

"हात मोडीन त्याचा."

"मग?"

दादा टेपशी चाळा करत राहिले. "चुकलं माझं. वाचायला हवं होतं."

"माझंही चुकलं. कटकट गेली म्हणून मी खूश होते. आता रोज जेवणाआधी अर्धा तास दोघांनी बसायचं. तुम्ही मोठ्यानं वाचायचं, मी ऐकणार."

"आणि मला जांभई आली तर?"

"सुई टोचीन."

अकरा वर्षे तो अर्धा तास पाळला गेला. दादा अडखळत वाचत, बाई मध्येच "थांबा, थांबा" म्हणत. कधी भांडत, कधी एखाद्या वाक्याला इतक्या हसत की माझे पाय हलत. सकाळ मात्र गोष्टीचीच राहिली.

मग बाई आजारी पडल्या. त्या एका बोटीची गोष्ट लिहीत होत्या. बोट नदीच्या मध्यावर असताना त्या गेल्या.

दादांनी मशीन झाकून ठेवले. डब्याचे झाकण पत्रांनी लागेना. माझ्यावर इतकी धूळ साचली की शाईचे डागही दिसेनात. एका सकाळी प्रकाशक स्वतः आले.

"उरलेली गोष्ट दुसऱ्या कुणाकडून पूर्ण करून घेऊ. तुम्ही फक्त सही करा, दादा. आठवड्यात ठरलं नाही, तर पुस्तक राहूनच जाईल."

दादांनी पेन घेतले. हात प्रकाशकांनी सहीसाठी मारलेल्या फुलीपर्यंत गेला आणि थांबला.

"कागद ठेवून जा. वाचतो."

जेवणाआधी त्यांनी धूळ पुसली, समोर बाईंची खुर्ची ओढली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कुणी "थांबा" म्हणत नव्हते, तरी ते थांबत आणि पुन्हा वाचत. गोष्ट दुसऱ्याकडून पूर्ण करून घ्यायच्या सहाव्या कलमावर त्यांनी सरळ रेघ मारली, कापड कापायच्या आधी मारतात तशी.

"पुढचं कुणी लिहायचं नाही," दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रकाशकांना सांगितले.

"अहो, अर्धवट पुस्तक कोण छापतं? मुलं विचारतील, पुढे काय झालं?"

"विचारू देत. आणि अर्धवट नाहीये ते. तिचं तेवढंच आहे."

दादांनी रेघेशेजारी सही करून कागद पुढे सरकवला. प्रकाशकांनी ते कलम पुन्हा वाचले आणि शेजारी त्यांनीही सही केली. पुस्तक निघाले. लहानसेच आहे, बोट अजून नदीतच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी लिहीत असेल, चित्रे काढत असेल, तर त्याची सकाळ जपा. पण त्याचे कागद त्याच्यासाठी परस्पर उरकून टाकू नका आणि त्यालाही टाळू देऊ नका. शेजारी बसा, मोठ्याने वाचा, भांडा. दोघे आहात तोवर बसून घ्या. एकट्या माणसाने रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवलेले मी ऐकले आहे, म्हणून हे सांगणे.