नऊ नंबर वडिलांकडचं

चूक माझीच, आणि तीही शुद्ध मराठीच्या हौसेपायी. ल्युकेमियाच्या पेशंटची गुणसूत्रं तपासणं हे आमच्या प्रयोगशाळेचं काम. एका अभ्यासासाठी आम्ही आईवडिलांचंही रक्त घेतो आणि मोडलेलं प्रत्येक गुणसूत्र मुळात कोणाकडून आलं होतं ते पाहतो. एका मुलीच्या अहवालात गुणसूत्रांच्या नंबरांपुढे मी ऐटीत लिहिलं, 'नऊ – पैतृक, बावीस – मातृक.'

आठ दिवसांनी तिची आई नवऱ्याला दंडाला धरून माझ्या टेबलापाशी घेऊन आली. नवरा बुकबायंडर, बोटांवर खळ वाळलेली.

"हे वॉर्डात पाऊल टाकत नाहीत," ती म्हणाली. "गेटपर्यंत येतात आणि माघारी फिरतात. पोरीला तोंड कसं दाखवू म्हणतात!"

"पैतृक म्हणजे घराण्यातून आलेलं," ते खाली बघत म्हणाले. "म्हणजे आजार मीच दिला तिला."

"आणि बावीस नंबर माझ्याकडचं आहे ना? मी कुठे तोंड लपवून बसले? मीही बसले तर डबा कोण पोचवणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'वडिलांकडचं' एवढं साधं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

मी दोन फोटो त्यांच्यापुढे ठेवले. "ही आजारी पेशी. नऊचा तुकडा बावीसला चिकटलाय, बावीसचा नऊला. आणि ही तिचीच निरोगी पेशी. यात तुम्ही दिलेलं नऊ नंबर आहेच. बघा, कुठे मोडलंय?"

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. फोटो जवळ घेतला, लांब धरला.

"म्हणजे छापून आलेले पानांचे फर्मे चांगले होते," ते सावकाश म्हणाले. "बांधताना एका पुस्तकाची पानं दुसऱ्यात गेली."

"अगदी! तेही तिच्या जन्मानंतर, तिच्याच हाडाच्या मगजात."

"मग चूक बायंडरचीच की!"

"असेल. पण तो बायंडर तुम्ही नाही."

आधी बायको हसली, मग ते.

मी त्यांच्याबरोबर वॉर्डात गेले, माझी जबाबदारीच होती ती. एकोणीस वर्षांची मुलगी पलंगावर मांडी घालून बसली होती. वडिलांना पाहून ती हसली नाही.

"बाबा, डॉक्टरांनी तुला काय सांगितलं? खरं सांग."

"मला? हेच, की गोळ्या लागू पडल्यात तुला."

"मग येत का नव्हतास? मला वाटलं, मी यातून वाचत नाही हे तुला कळलंय आणि तुला माझ्याकडे बघवत नाही."

"गधडे," ते कसेबसे म्हणाले. पलंगाच्या कडेला बसून ते लहान मुलासारखे हमसून हमसून रडले, आणि तीच त्यांची पाठ थोपटत राहिली. मी दारातच थांबले. माझ्या एका शब्दापायी ही पोर आठ दिवस एकटीच मरायची तयारी करत होती.